यादीतली दोन नावं

४ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे काही लिहीत नाही. तू खुशाल आहेस ते काल फोनवर आवाजावरून कळलं.

"बाबा म्हणालेत, येऊ नकोस." एवढंच म्हणालीस. दूधवाल्याला सांगावं तसं, की उद्या अर्धा लिटर कमी टाक. मी डबा उघडून बसलो होतो. आजूबाजूला सगळी पोरं जेवत होती. आणि अठ्ठावीस तारखेचं तिकीट माझ्या खिशात होतं, अजून आहे. चार वर्षांनी घरी जायचं म्हणून फोरमनकडून पंधरा दिवस मिळवले. त्यासाठी दोन रविवार कॉम्प्युटरच्या मशिनींच्या हॉलमध्ये फरशीखाली सरपटत केबली ओढल्या. गुडघे अजून सोललेले आहेत.

मी विचारलं, का? तर म्हणालीस, "मी त्यांना वाचून दाखवलं. तू लिहिलेलं."

तिथेच मी फोन ठेवला. मग तुझा नंबरच बंद करून टाकला. म्हणून हे पत्र आपल्या कॉम्प्युटरवरच्या कपाटात ठेवतोय. लॅबमध्ये जाऊन बसलीस की आधी तू कपाट ताजं करून घेतेस, ठाऊक आहे मला. 'ताईला' नावाचं नवीन फोल्डर दिसेल. हे मात्र खुशाल उघड. हे तुझंच आहे.

कपाट तूच केलंस. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात, तुमच्या लॅबच्या ऑफिसात वापरतात तसं. काळी खिडकी, त्यात हुकूम टाइप करायचे, चित्रं नाहीत, बटणं नाहीत. मी सातवीतून पळालेला माणूस. घाबरलो तर म्हणालीस, "अरे भिंगरी, चार हुकूम आहेत. ठेव, दाखव, बदल, खोड. तुला शाळेत यापेक्षा जास्त शिव्या पाठ होत्या." फाईल आत ठेवली की कुलूप आपोआप लागतं. उघडायला आपली चावी लागते आणि त्या चावीचा लांबलचक पासवर्ड लागतो. माझा पासपोर्ट, कामाचे करार, बाबांच्या कारखान्यातल्या मशिनींची कागदपत्रं, सगळं त्यात. तू तुझं एक फोल्डर केलंस, त्याला नाव दिलंस 'ताई'. माझं एक केलंस, त्याला नाव दिलंस 'माझं'. मीच सांगितलं होतं ते नाव. माझं म्हणजे माझं, दुसरा काही अर्थ होतो का?

तेव्हा म्हणाली होतीस, चोरानं अख्खं कपाट उचलून नेलं तरी त्याच्या हाती नुसता भुसा लागेल. चोराचं काय घेऊन बसलीस. घरच्याच माणसानं केसानं गळा कापला.

काल संध्याकाळी ती फाईल मी खोडून टाकली. 'खोड' म्हटलं, त्यानं विचारलं खरंच का, मी म्हटलं हो. आता वाच कुणाला काय वाचून दाखवायचं ते. बाबांच्या बोटांची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. बाबांनी कातार्‍याला कामावरून काढलं, प्रकरण मिटलं. आणि लेथवरचा तो कातारी काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मशीन त्याच्या ताब्यात होतं ना?

आई गेल्यावर तू मला वाढवलंस हे सगळं जग सांगतं. आता जगाला पुढचंही सांग.

भिंगरी


८ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मोजून तीन वाक्यं. "फोल्डर तुझं होतं, पण यादी आपली होती. तुला तेव्हा सांगितलं होतं, तू खिडकीबाहेर बघत होतास. आणि फाईल खोडून काही होत नाही."

मला कळलं नाही. म्हणून आमच्या इथल्या चष्मेवाल्याकडे गेलो. हा मशिनींचा माणूस, दिवसभर त्याच तसल्या काळ्या खिडकीत बसलेला. आम्ही केबलवाले त्याला घाबरतो, कारण तो आमच्याशी बोलताना आमच्या बुटांकडे बघतो. त्याला म्हटलं, माझ्या कपाटात बहीण शिरली, कसं काय? लॅपटॉप समोर ठेवला.

तो म्हणाला, "उघडू नकोस. मला आतलं काही बघायचं नाही. फक्त यादी दाखव."

यादी म्हणजे सगळ्यात वरची एक छोटी फाईल. तिला कुलूपच नाही. तिच्यात दोन ओळी. एक तुझी चावी, एक माझी.

"हे बघ," तो म्हणाला, "कुठल्याही फोल्डरमध्ये काही ठेवलंस की हे कपाट विचारतं, इथे वेगळी यादी आहे का? नसेल तर वरची यादी धरतं. तुझ्या फोल्डरमध्ये वेगळी यादी आहे?"

"नाही."

"मग प्रत्येक फाईल दोघांसाठी बंद झाली. दोन्हीपैकी कुठल्याही चावीनं उघडणार. कुणी शिरलं नाही, बाबा. तूच दर वेळी दार उघडून ठेवत होतास."

"पण फोल्डरला माझं नाव आहे!"

"पाटी लावली म्हणजे कुलूप लागलं का?" मग पुढे वाकून म्हणतो, "आणि फाईलींची नावं तर कुणालाही वाचता येतात. आतला मजकूर बंद असतो, नाव नाही. तू काय नाव दिलं होतंस?"

मी सांगितलं नाही. तुला माहीत आहेच. 'बाबांचा-हात.' वा रे मी. डोकं वाळूत आणि शेपूट बाहेर.

खोडण्याचं विचारलं, तर हसला. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून हसला. म्हणाला, हे कपाट जुन्या सगळ्या प्रती धरून ठेवतं, कालची, परवाची, तीन वर्षांपूर्वीची. खोडलेली फाईलही मागे जाऊन काढता येते. "वर तू कधी खोडलीस तेही लिहून ठेवलंय. तारीख, वेळ, तुझं नाव. पुरावा नष्ट करायला गेलास आणि पावती फाडून घेतलीस."

तर आता तुझ्याकडे फाईल आहे आणि मी ती घाईघाईनं खोडली याची पावतीही आहे. मग झाकून काय उपयोग. बाबांना तू काय वाचून दाखवलंस ते मीच परत लिहितो. निदान माझ्या शब्दांत असू दे.

गोल करवतीवर लोखंडी झाकण असतं, पात्याला हात लागू नये म्हणून. बारीक पट्ट्या कापताना ते आडवं येतं. त्या दिवशी दीडशे पट्ट्या होत्या आणि मला सहा वाजता मैदानावर जायचं होतं. कातारी पलीकडे लेथवर खुर्च्यांचे पाय काढत होता, त्याची पाठ माझ्याकडे. मी दोन नट सोडले, झाकण बाकाखाली सरकवलं, पाऊण तासात पट्ट्या संपवल्या आणि पळालो. झाकण परत बसवायचं मनातच आलं नाही. खोटं कशाला सांगू, आलं होतं. दारापर्यंत गेल्यावर आलं. म्हटलं सकाळी बसवू.

सकाळी बाबा माझ्या आधी पोचले. झाकण जागेवर आहे असं धरून तीस वर्षांच्या सवयीनं हात पुढे नेला. कातार्‍यानं मशीन बंद केलं, अंगातला शर्ट काढून त्यांच्या हाताला गुंडाळला, पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत धावला. मी गेलो तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर उघडा बसला होता.

बाबांनी गुंगीतून बाहेर आल्यावर पहिलं विचारलं, "झाकण कुणी काढलं?" आम्ही दोघंही समोर. कातारी म्हणाला, "मी नाही मालक, आईची शपथ." मी फरशीवरचे चौकोन मोजत होतो. बाबा म्हणाले, "मशीन तुझ्या ताब्यात होतं. उद्यापासून येऊ नकोस."

महिन्याभरानं मी इकडे आलो. सगळे म्हणाले, याच्या पायाला भिंगरीच आहे, राहतोय कसला. बरं झालं म्हणाले ते.

इथे आल्यावर सहा महिन्यांनी एका रविवारी ते लिहिलं. एका बोटानं, चार तास लागले. कुणाला तरी सांगायचं होतं आणि कुणी ऐकायला नको होतं. कागदावर लिहिलं असतं तर खोलीतल्या पोरांना सापडलं असतं, म्हणून कुलपात ठेवलं. विहिरीत बोलावं तसं बोललो, ताई. खाली तू घागर घेऊन बसली असशील असं कसं वाटणार?

चष्मेवाला निघताना अजून एक बोलला. "उलटही खरं आहे. तिच्या फोल्डरला पण तुझी चावी लागते."

चार वर्षं लागत होती म्हणजे. पण मी कधी हात लावला नाही. 'ताई' असं नाव दिसलं की मी बाजूनं जायचो. हा फरक लक्षात ठेव.

भिंगरी


१३ मार्च

वर फरक लक्षात ठेव म्हटलं होतं. आता नको ठेवूस.

काल उघडलं. तुझ्या फोल्डरमधली एकच फाईल. बाकीच्या विजेची बिलं नि डॉक्टरांचे नंबर असल्या नावांच्या होत्या, आणि एकीचं नाव 'कातारी'. तूही शेपूट बाहेरच ठेवलीस की. आपण एकाच आईची पोरं, अजून काय पुरावा हवा.

थोडंच आहे आत. तारखा घालून लिहिलंयस. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये: "भिंगरीच्या फोल्डरमध्ये नाव दिसलं. उघडायला नको होतं. उघडलं." त्यानंतर महिन्याभरानं: "बाबांना सांगितलं तर भिंगरी कायमचा जाईल. नाही सांगितलं तर हा त्या गोदामात पोती उचलून म्हातारा होईल. कुठल्या कारखान्यात त्याला उभं करत नाहीत. ज्यानं मालकाची बोटं घालवली त्याला लेथ कोण देणार?" आणि गेल्या महिन्यातलं: "बाबा लग्नाला तिसऱ्यांदा नाही म्हणाले. ज्यानं माझा हात घालवला त्याच्या घरात मुलगी देणार नाही म्हणतात. आता दुसरा रस्ता नाही."

लग्न! तू आणि कातारी! मला कुणी सांगितलंही नाही. मी इथे फोनवर तुला विचारायचो, ताई, नवीन काय? तू म्हणायचीस, काही नाही रे, नळाला पाणी कमी येतं.

दोन वर्षं, ताई. दोन वर्षं तुला माहीत होतं आणि तू दर रविवारी माझ्याशी हसत बोलत होतीस. मी विचारायचो, बाबांचा हात कसा आहे. तू म्हणायचीस, ठीक आहे, थंडीत दुखतो. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललेलं असायचं? तू लगेच बाबांना सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, ताईला खोटं खपत नाही, तिचा स्वभाव. पण तू थांबलीस. खरं बोलायचं म्हणून नाही, तुझं अडलं म्हणून सांगितलंस. राखून ठेवलेली फळी गरज पडली तेव्हा काढावी तसं मला काढलंस.

त्याला न्याय मिळाला, मान्य. पण तुझा त्यातला वाटा बघ की.

मी आता काय केलंय ते ऐक. माझ्या फोल्डरला वेगळी यादी केली. एकच नाव. चष्मेवाल्यानं शिकवलं, तीस सेकंदांचं काम. सगळ्या फाईली नव्यानं बंद झाल्या. जुन्या प्रती तुझ्याकडे राहतीलच, त्याचं काही करता येत नाही.

आणि अजून एक मनात आहे. बाबांनी तुझ्या तोंडून ऐकलंय, कागद पाहिलेला नाही. फाईलवर माझी सही नाही. माझं अक्षरही नाही. कुणीही टाइप करावं. खोडल्याची पावती आहे, पण ती काळी खिडकी बाबा थोडेच वाचणार. बाबांना मी सांगू शकतो की ताईला लग्न करायचंय, तिनंच रचलं. तुला माहीत आहे बाबा कुणाचं ऐकतात. लहानपणी काच तू पुसायचीस आणि फोडली मी तरी पहिला धपाटा तुलाच बसायचा.

मी हे करीन असं नाही म्हणत. करू शकतो एवढंच म्हणतोय. तिकीट अजून खिशात आहे.


२१ मार्च

ताई,

काल कातार्‍याचा फोन आला.

अनोळखी नंबर होता, फोरमनचा कुणी असेल म्हणून उचलला. "छोटे, मी बोलतोय." चार वर्षांनी तो आवाज. छोटे म्हणणारा तो एकटाच. माझ्या हातात केबलीचं टोक होतं, ते तसंच धरून राहिलो.

म्हटलं आता शिव्या घालेल. मी तयारही होतो. तो म्हणाला, "जेवलास का?"

"अकरा वाजलेत सकाळचे," मी म्हटलं.

"मग नसशील जेवला."

मागे त्याच्या गोदामात कुणीतरी ओरडत होतं, "अरे ती पोती कोण तुझा सासरा उचलणार का?" कातारी म्हणाला, "सासऱ्याचंच बोलायला फोन केलाय." मला हसू फुटलं ताई, आणि मग लाज वाटली.

"बाबा तुला येऊ नकोस म्हणालेच नाहीत," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. तुझी ताई वाचत होती, मी दाराशी उभा. ते पूर्ण ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, त्याला म्हणावं ये आणि माझ्या तोंडावर सांग."

"ताई म्हणाली येऊ नकोस."

"तुझ्या ताईनं बदललं. तिला भीती आहे तू येशील, बाबांशी गोड बोलशील, ते विरघळतील आणि परत सगळं माझ्या गळ्यात येईल. तुझं शेवटचं पत्र वाचून तर ती रात्रभर बसून होती. मला म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? मी म्हटलं, त्याला खोटं सांगितल्यावर तो दुसरं काय करेल. तुम्ही दोघं बहीण-भाऊ ना, एकमेकांच्या खिशात हात घालता आणि मग दोघंही ओरडता चोर चोर."

मी त्याची माफी मागणार होतो. शब्द जुळवले होते. तोच म्हणाला, "ते फोनवर नको. येशील तेव्हा बघू. आधी बाबांना सांग."

"आणि मी बाबांना सांगितलं की ताईनं रचलंय?"

तो म्हणाला, "तर मी अजून पोती उचलीन. पाठ सवयीची झालीये. पण तुझ्या ताईचं काय होईल ते तू बघ."

फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसलो. तुझा राग येतोय तो कमी झालेला नाही, उलट वाढला. बाबांचे शब्द तू बदललेस. ते माझे होते, माझ्यासाठी होते, "ये" असे होते. सतरा दिवस मी स्वतःला घर नाही असं समजून जगलो. तिकीट फाडायला दोनदा काढलं.

पण त्या पत्रातलं ते, की तूच रचलंस, ते मी घोकून ठेवलं होतं हेही खरं. गाडीत बसल्यावर बाबांना कुठल्या वाक्यानं सुरुवात करायची इथपर्यंत. तू घाबरलीस ती उगाच नाही. मला तू ओळखतेस, हे आवडत नाही मला.

येतोय. ठरल्या दिवशी. तू काही सांगू नकोस घरी.


३० मार्च, दुपार

ताई,

आपण काल संध्याकाळपासून एका घरात आहोत आणि मिठाच्या बरणीपलीकडे आपल्यात काही सरकलेलं नाही. तू वाढलंस, मी जेवलो. तू सकाळी लॅबमध्ये गेलीस, मी बघत होतो. तोंडानं बोलणं मला अजून जमत नाही. म्हणून हे इथेच ठेवतोय. आता वाच, आणि सगळं वाच. मध्येच उठू नकोस.

तू गेल्यावर मी कारखान्यात गेलो. बाबा एका फळीला पॉलिश कागद मारत होते, तीन बोटांनी. फळी सरकू नये म्हणून पोटानं दाबून धरतात आता. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. थंडीत दुखतो एवढंच सांगायचीस.

मी सांगितलं. उभ्यानं, सरळ, मैदान, पट्ट्या, दोन नट, दारापर्यंत गेल्यावर आठवलं तेसुद्धा. ते तर त्या खोडलेल्या फाईलमध्येही नव्हतं. त्यांचा हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाले, "झालं?"

"हो."

"चार वर्षं लागली."

मी म्हटलं, "बाबा, राग नाही आला तुम्हाला?"

"येऊन गेला. तेव्हाच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, तेव्हाच म्हणजे? ताईनं तर आत्ता वाचून दाखवलं.

त्यांनी कागद झटकला. म्हणाले, "कारखान्यात माणसं किती? तीन. मी काढलं नाही. कातारी मला पाठीवर घेऊन पळताना बडबडत होता, झाकण कुठे गेलं, झाकण कुठे गेलं. ज्यानं काढलं तो असं बडबडतो? उरलं कोण? एवढं गणित मला येतं."

"मग त्याला का काढलंत?"

"तुला काढता येत नव्हतं म्हणून."

ताई, मी खाली बसलो. भुशातच.

मी तुझ्याबद्दल विचारलं. तीनदा नाही का म्हणालात, माहीत असताना? तर त्यांनी फळी उलटी करून पोटाशी धरली. मग म्हणाले, "त्याला घरात घेतलं असतं तर रोज जेवताना समोर बसला असता. कसा बघणार होतो मी त्याच्याकडे?"

पुढचं नीट वाच. ते म्हणाले, लग्नाला हो म्हणतो. कातार्‍याला परत बोलावतो, लेथ त्याच्या नावावर. चार लोकांत त्याची माफी मागतो, झाकण माझ्या पोरानं काढलं होतं म्हणून सांगतो. सगळं करतो. "फक्त हे तुझ्यामाझ्यात ठेव. ताईला वाटतंय तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं. तसंच वाटू दे. तिच्या डोळ्यात एवढं तरी राहू दे माझं."

हात जोडले नाहीत त्यांनी. पण आवाज तसा होता.

मी गप्प बसलो असतो तर तुझं लग्न, त्याचं काम, माझं घर, सगळं आज संध्याकाळपर्यंत जागेवर. गप्प बसायची मला सवयही आहे. जमतं मला ते, चांगलं जमतं. पण कातारी गोदामात पोती उचलत असताना त्याला वाटायचं की मालकाचा आपल्यावर विश्वास बसला नाही. त्या दिवशीची शपथ वाया गेली. ती वाया गेलीच नव्हती, ताई. बाबांनी ती खरी मानली आणि खरी मानून त्याला काढलं. हे कळलं तर तो कदाचित येणारच नाही परत. पण त्याचं ते आहे, त्याला मिळायला हवं. यावेळी मी फरशीचे चौकोन मोजणार नाही.

म्हणून बाबांना म्हटलं, "मी ताईला सांगणार. आणि त्यालाही. तुमच्या पाठीमागे नाही, म्हणून आत्ता तोंडावर सांगतोय."

ते म्हणाले, "बहिणीवर गेलास." मग कारखान्याचं दार ओढून घेतलं, भर दुपारी, आणि घरी चल म्हणाले. वाटेत एकदाच बोलले, "सांगायचं तर आजच सांग. उद्यापर्यंत धीर राहणार नाही माझा."

तू केलंस तेच मी करतोय, दिसतंय मला. दुसऱ्याचं कुलपातलं काढून तिसऱ्याला देतोय. पण मी विचारून करतोय, आणि माझं काही अडलंय म्हणून नाही. हा फरक छोटा नाही, आणि तुला मी माफ केलेलं नाही. केलं तर सांगेन. कपाटात नाही, तोंडानं सांगेन.

हे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टाइप करतोय. बाबा समोर आहेत. मी काय लिहितोय ते विचारत नाहीत. ताट वाढून ठेवलंय, त्याला हात लावलेला नाही. तू आज लवकर येशील, की त्याच्याकडे जाशील, की येणारच नाहीस, मला सांगता येत नाही. त्यांनाही नाही. जिन्यात कुणाची पावलं वाजली की आम्ही दोघंही मान वर करतो.

भिंगरी